फक्त ८ गाणी मावणारा एमपीथ्री प्लेअर कोर्टात का गेला? खिशातल्या डिजिटल संगीताची सुरुवातीची गोष्ट



गेल्या महिन्यात नाशिकहून मुंबईला एसटीने येत होतो. कसारा घाट लागला आणि नेटवर्क गेलं. मला काळजी नव्हती, कारण चारशेच्या वर गाणी ॲपमध्ये 'डाउनलोड' करून ठेवलेली होती. हेडफोन लावला, ॲप उघडलं, तर सगळी गाणी करडी पडलेली! दाबलं तरी वाजेनात. मेंबरशिप आदल्या रात्रीच संपली होती. फोनची जागा तेवढीच भरलेली दिसत होती, म्हणजे गाणी फोनमध्ये होतीच. फक्त ती वाजवायची परवानगी आता माझ्याकडे नव्हती.

घरी आल्यावर चिडून टेबलाचा खालचा खण उपसला. मला एक जुना एमपीथ्री प्लेअर हवा होता. बारावीनंतर मामाने लॅमिंग्टन रोडवरून आणून दिलेला, कसल्याही कंपनीचं नाव नसलेला, पेन ड्राइव्हसारखा दिसणारा. मेमरी १२८ एमबी. (हो, एमबीच. जीबी नाही!) भिंतीवरच्या घड्याळातला बारीक पेन्सिल सेल काढून त्यात घातला. निळा दिवा लागला आणि गाणं सुरू झालं, कित्येक वर्षांपूर्वी जिथे थांबवलं होतं त्याच्या पुढचं. ना लॉगिन, ना ओटीपी.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. ही छोटी यंत्रं आली कुठून? आणि त्यात टाकलेलं गाणं 'माझं' असतं, हे कुणी ठरवलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी थेट अमेरिकेतल्या एका कोर्टात जाऊन पोचलो. पण आधी पहिला प्रश्न घेऊ.

गाणं एवढं मोठं का होतं?

खिशात गाणी घेऊन फिरणं नवीन नव्हतं. सोनीचा वॉकमन १९७९ सालीच आला होता. त्यात कॅसेट चालायची. १९८४ मध्ये सोनीनेच खिशात नाही तरी पिशवीत मावेल असा सीडी प्लेअर काढला. सीडीवरचा आवाज डिजिटल, म्हणजे आकड्यांत साठवलेला. पण ती चकती फिरवायला मोटर लागते आणि वाचायला लेझर. चालताना धक्का बसला की लेझर जागेवरून हलायचा आणि गाणं अडखळायचं. रिक्षात बसून सीडी प्लेअर ऐकायचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग मोटर, चकती सगळं काढून टाकून गाणं सरळ चिपमध्येच का ठेवत नव्हते? केन क्रेमर नावाच्या ब्रिटिश माणसाने १९७९ सालीच असं यंत्र कागदावर उतरवलं होतं. अडचण एकच होती. त्या काळच्या चिपमध्ये त्याच्या हिशोबाने जेमतेम साडेतीन मिनिटांचं संगीत मावत होतं. एक गाणं!

हा हिशोब तुम्हीही करून बघा, सोपा आहे. सीडीवर आवाजाचं मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा होतं. प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मिनिटांच्या गाण्याचे झाले साधारण ४२ एमबी. नव्वदच्या दशकात टेलिफोनच्या तारेवर चालणारं ५६ केबीपीएसचं इंटरनेट अगदी पूर्ण वेगाने चाललं असतं (ते कधीच चालायचं नाही) तरी एवढं एक गाणं उतरवायला दीड तासाच्या वर वेळ लागला असता. तेवढ्यात आईला फोन करायचा असला की संपलंच.

म्हणजे चिप मोठी होईपर्यंत थांबा, नाहीतर गाणं लहान करा. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी फ्राउनहोफर संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी दुसरा रस्ता धरला. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्यांनी यंत्राकडे बघण्याआधी माणसाच्या कानाकडे बघितलं.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकासमोर उभे राहा आणि शेजारचा मित्र कानाशी काय बोलतो ते ऐका. त्याचे ओठ हलताना दिसतील, आवाज नाही. त्याचा आवाज हवेत आहे, तुमच्या कानापर्यंत पोचतोही आहे, पण मोठ्या आवाजाने तो झाकला गेलाय. गाण्यातही सतत हेच चालू असतं. एका वाद्याचा जोरदार सूर त्याच्या जवळपासचे बारीक सूर झाकून टाकतो. जोरदार ठोक्याच्या लगेच पुढे-मागे आलेला हलका आवाजही निसटतो. मग जे कानाला ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? एमपीथ्री गाण्याचे बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात काय झाकलं जाणार ते कानाच्या नियमांवरून ठरवतं आणि त्या भागावर कमीत कमी बिट खर्च करतं. सेकंदाला १४ लाख बिटऐवजी १ लाख २८ हजार बिटवर काम भागतं. ४२ एमबीचं गाणं ४ एमबीच्या आत येतं. जवळपास अकरावा हिस्सा.

गंमत म्हणजे या तंत्राची सगळ्यात कडक परीक्षा घेतली ती वाद्यच नसलेल्या गाण्याने. सुझान वेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं म्हणजे फक्त तिचा एकटीचा आवाज. बाकी गाणी चांगली वाजायची, पण हे लहान केलं की भयंकर वाजायचं, कारण दोष झाकायला आजूबाजूला दुसरा आवाजच नव्हता. ब्रांडेनबुर्ग यांनी तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत आपलं तंत्र सुधारत नेलं. फाइलच्या नावापुढे 'डॉट एमपीथ्री' लावायचं ठरलं ते १९९५ च्या जुलैत.

पहिलं यंत्र: ३२ एमबी, अर्धा तास

गाणं लहान झालं. आता वीज गेली तरी न विसरणारी चिप हवी. ती फ्लॅश मेमरी, तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली. तिच्यात प्रत्येक बिटसाठी एक बारीकसा कप्पा असतो, चारही बाजूंनी विजेला अडवणाऱ्या थराने बंद केलेला. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ते वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतात. माझा प्लेअर खणात पडूनही गाणी विसरला नव्हता तो याच्यामुळे. तुमच्या फोनचं स्टोरेज म्हणजे हीच फ्लॅश. फक्त तेव्हा ती सोन्याच्या भावाने मिळायची.

१९९७ मध्ये ऑडिबल कंपनीने फ्लॅशवर चालणारं एक यंत्र काढलं होतं, पण ते पुस्तकं ऐकायचं होतं. बोलण्याला संगीताइतका दर्जा लागत नाही, म्हणून ४ एमबीत तासाभराच्या वर ऐकता यायचं. संगीतासाठीचं पहिलं यंत्र दक्षिण कोरियातून आलं. सेहान कंपनीने 'एमपीमॅन' हा प्लेअर मार्च १९९८ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात दाखवला. मेमरी ३२ एमबी. १२८ केबीपीएसच्या गाण्याला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या जरा वर. मोजून ८ गाणी. फोनमध्ये १२८ जीबी असेल तर ते या यंत्राच्या ४,०९६ पट झाले.

किंमत अमेरिकेत २५० डॉलर. मेमरी कार्ड घालायला जागा नाही. ३२ ची ६४ एमबी हवी असेल तर यंत्र कंपनीकडे परत पाठवायचं, वर पैसे भरायचे आणि ते वाढवून घ्यायचं! एका कॅसेटमध्ये ६० किंवा ९० मिनिटं मावायची आणि कॅसेट चिल्लर पैशांत मिळायची. त्या वेळी कुणी मला हा प्लेअर दाखवला असता तर मी नक्की हसलो असतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या डायमंड मल्टिमीडियाने 'रिओ पीएमपी ३००' जाहीर केला. हाही ३२ एमबीचा, पण किंमत २०० डॉलर, जास्तीचं मेमरी कार्ड घालायची सोय आणि आकार पत्त्यांच्या कॅटएवढा. एका पेन्सिल सेलवर चालायचा. कॉम्प्युटरला जोडायला यूएसबी नव्हती, प्रिंटर जोडायचं भलंमोठं पॅरलल पोर्ट वापरायचं. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे उड्या मारा नाहीतर धावा, गाणं अडखळणार नाही. एमपीमॅन थोड्याच लोकांपर्यंत पोचला होता. रिओ विकला जाणार हे दिसत होतं. आणि म्हणूनच त्याच्यावर खटला झाला.

आठ गाण्यांवरून खटला

आरआयएए ही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना ८ ऑक्टोबर १९९८ ला कोर्टात गेली. मागणी अशी की रिओची विक्रीच थांबवा. १६ ऑक्टोबरला न्यायाधीश ऑड्री कॉलिन्स यांनी तात्पुरती बंदी घातली. दहा दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, पुढची बंदी घालायला त्यांनीच नकार दिला. संघटना वरच्या कोर्टात गेली.

भांडण समजायला थोडा कायदा बघावा लागेल, पण मजेशीर आहे. अमेरिकेत १९९२ साली घरगुती ऑडिओ रेकॉर्डिंगबद्दल एक कायदा झाला होता. डिजिटल टेपवरून टेपवर नक्कल केली तर आवाज जराही खराब होत नाही, ही तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांची धास्ती. म्हणून कायद्याने सांगितलं की डिजिटल रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रात नकलेची नक्कल होऊ न देणारं कुलूप हवं, आणि बनवणाऱ्याने प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम संगीतवाल्यांना द्यायला हवी. संघटनेचं म्हणणं, रिओ असंच यंत्र आहे आणि त्यात ते कुलूप नाही.

१५ जून १९९९ ला वरच्या कोर्टाने, म्हणजे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला. रिओ जिंकला! कारण ऐकण्यासारखं आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे यंत्राने नक्कल करायला हवी ती 'संगीताच्या डिजिटल रेकॉर्डिंगची', म्हणजे ज्यात मुख्यतः आवाजच साठवलेला असतो अशा वस्तूची. सीडी, टेप वगैरे. रिओ गाणी घेतो ती कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून. आणि हार्ड डिस्कवर तर तुमची पत्रं, गेम, हिशोब, सगळंच असतं. ती व्याख्येत बसत नाही. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेप होती, कॉम्प्युटर नव्हता, आणि रिओ त्या फटीतून पार झाला.

नुसत्या फटीवर निकाल थांबला असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. कोर्टाने पुढे असंही म्हटलं की रिओ करतो ते एवढंच: माणसाच्या कॉम्प्युटरवर आधीच असलेलं गाणं तो दुसऱ्या जागी ऐकता येईल असं करून देतो. याआधी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टीव्हीवरचा कार्यक्रम व्हिडिओ टेपवर उतरवून नंतर बघायला मान्यता दिली होती. तिथे वेळ बदलली, इथे जागा बदलली. घरच्या वापरासाठी, धंद्यासाठी नव्हे, अशी नक्कल कायद्याच्या हेतूला धरूनच आहे, असं कोर्टाने म्हटलं.

निकाल अमेरिकेपुरता होता, पण परिणाम जगभर झाला. सगळ्यात मोठी बाजारपेठ मोकळी झाली म्हटल्यावर बाकीच्या कंपन्यांना धीर आला. संगीतवाल्यांची बाजू अगदीच चूक होती असंही मी म्हणणार नाही. त्याच जून महिन्यात नॅपस्टर सुरू झालं, आणि अनोळखी लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फुकट गाणी घ्यायला लागले. रिओमध्ये येणारं गाणं विकत घेतलेल्या सीडीवरून आलंय की नॅपस्टरवरून, हे रिओला कळायची सोय नव्हती. आपल्याकडेही काय वेगळं होतं? स्टेशनबाहेर फुटपाथवर दीडशे-दोनशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी मिळायच्या. (७०० एमबीची सीडी भागिले ४ एमबी. हिशोब बरोबर बसतो.) नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देऊन 'नवीन मराठी भर' म्हटलं की काम व्हायचं. गायकाला, संगीतकाराला त्यातला एक पैसाही जात नव्हता. मीही ते केलंय.

आठ गाण्यांवरून हजार गाण्यांवर

फ्लॅश महाग होती तर दुसरं काय स्वस्त होतं? हार्ड डिस्क. कॉम्पॅक कंपनीच्या संशोधकांनी लॅपटॉपची अडीच इंची डिस्कच प्लेअरमध्ये बसवली आणि कोरियाच्या हँगो कंपनीने १९९९ च्या शेवटी तो 'पर्सनल ज्यूकबॉक्स' म्हणून बाजारात आणला. जवळपास ५ जीबी, शंभरेक सीडी मावतील एवढी जागा. किंमत मात्र ८०० डॉलरच्या घरात. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या क्रिएटिव्हने ६ जीबीचा 'नोमॅड ज्यूकबॉक्स' काढला. तो दिसायला सीडी प्लेअरएवढा होता. शर्टाच्या खिशात तो काही जात नव्हता.

शिवाय फिरणारी चकती परत आली म्हणजे जुन्या कटकटी परत आल्या. धक्के आणि बॅटरी. त्या वेळची यूएसबीही फार हळू होती. ५ जीबी भरायला बसलं की दुपार जायची.

ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला आला. ५ जीबी, ३९९ डॉलर, हजार गाणी. पहिला प्लेअर तो नव्हता, हे आता तुम्हाला कळलंच असेल. तोशिबाने १.८ इंचाची चिमुकली हार्ड डिस्क बनवली होती आणि तिचं नेमकं काय करायचं हे तोशिबालाच उमगलं नव्हतं. ॲपलच्या जॉन रुबिनस्टाइन यांनी ती बघितली आणि तिचा उपयोग त्यांच्या लगेच लक्षात आला. गाणी भरायला यूएसबीऐवजी फायरवायर, कितीतरी पट वेगवान. आतली मुख्य चिप पोर्टलप्लेअर नावाच्या छोट्या कंपनीची होती. या कंपनीचं एक इंजिनिअरिंग केंद्र आपल्या हैदराबादला होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र दिसत नाही. आयपॉड गाणं वाजवताना डिस्क सतत फिरवत नव्हता. डिस्क फिरवायची, पुढच्या साधारण २० मिनिटांचं संगीत एका दमात चिपच्या मेमरीत ओढून घ्यायचं आणि डिस्क बंद करून टाकायची. मग गाणं चिपमधून वाजतं. डिस्क झोपलेली, त्यामुळे धक्के लागत नाहीत आणि बॅटरीही वाचते. आज तुमचं ॲप बोगदा यायच्या आधीच गाण्याचा पुढचा भाग उतरवून ठेवतं ते याच पद्धतीने. आणि आयपॉडची ती तात्पुरती मेमरी किती होती? ३२ एमबी. तीन वर्षांपूर्वी जेवढ्यात अख्खा रिओ होता, तेवढी जागा आयपॉड नुसती ओसरी म्हणून वापरत होता.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते बहुतेकांनी बघितलंय. फ्लॅश स्वस्त होत गेली आणि २००५ मध्ये आयपॉड नॅनोने हार्ड डिस्कला रामराम केला. त्याच वर्षी सोनी एरिक्सनचा वॉकमन फोन आला. फोनमध्येच गाणी वाजायला लागल्यावर दुसरं यंत्र कोण बाळगणार? माझा १२८ एमबीचा प्लेअर त्याच सुमाराला खणात गेला. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपीथ्रीचं परवाना देणं बंद केलं, कारण पेटंटच संपत आली होती. शेवटचा आयपॉड, आयपॉड टच, ॲपलने २०२२ च्या मे महिन्यात बंद केला.

मग माझी चारशे गाणी कुठे गेली होती?

कुठेच नाही. ॲपमधलं 'डाउनलोड' आणि रिओमधलं 'डाउनलोड' हे दोन वेगळे प्रकार आहेत, शब्द तेवढा एक आहे. ॲप गाणं कुलूप लावून साठवतं आणि त्या कुलपाच्या किल्लीवर मुदत असते. मेंबरशिप चालू आहे का, हे ॲप अधूनमधून सर्व्हरला विचारतं. नाही म्हटलं की किल्ली चालत नाही. १९९२ च्या कायद्याला यंत्रात जे कुलूप हवं होतं आणि रिओत जे नव्हतं, त्याचा हा पणतू म्हणा.

तुमच्याकडे कुठल्या प्रकारची गाणी आहेत ते बघायचं असेल तर फोनचा फाइल मॅनेजर उघडा आणि 'ऑडिओ' मध्ये जा. तिथे जी गाणी नावानिशी दिसतात, दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजतात आणि पेन ड्राइव्हवर कॉपी होतात, ती फाइल म्हणून तुमच्याकडे आहेत. जी फक्त ॲपच्या आतच दिसतात ती भाड्याची. माझ्या फोनमध्ये पहिल्या प्रकारची निघाली अकरा, आणि त्यातल्या सात रिंगटोन.

मेंबरशिप मी परत भरली, खोटं कशाला बोलू. एवढी गाणी विकत घ्यायची तर माझी ऐपत नाही, आणि फुटपाथवरची सीडी आता घ्यावीशी वाटत नाही. पण ज्या आठ-दहा गाण्यांवाचून माझं चालत नाही ती यादी करून विकत घ्यायला सुरुवात केली आहे. मामाच्या प्लेअरमध्ये ती टाकली, आणि लॅपटॉपने तो अजून ओळखला याचंच मला नवल वाटलं.

तुमच्याही घरात असा एखादा प्लेअर पडला असेल तर एक करा. आत सेल असेल तर आधी तो काढा. जुना सेल गळला की पांढरी बुरशी धरते आणि पत्रे खाऊन टाकते. मग गाणी चिपमध्ये शाबूत असूनही यंत्र सुरू होत नाही. माझ्याचा सेल ऐकून झालं की मी रोज काढतो आणि परत घड्याळात घालतो. घड्याळ सध्या अर्धा तास मागे आहे.